टोलनाक्यावरचं पुस्तक

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलंय. ते थोडक्यात असं:

'मुलगा ११ वर्षांचा, सहावीत, सेमी इंग्रजी. थोरली दहावीत आहे, ती भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. धाकट्याला मात्र पुस्तक म्हटलं की जांभया येतात. क्रिकेट, माइनक्राफ्ट आणि सकाळी पेपरचं शेवटचं पान, एवढंच त्याचं जग. वाढदिवसाला थोर पुरुषांच्या चरित्रांचा दहा पुस्तकांचा संच आणला. त्याच्यासोबत माझ्या आवडीचं "श्यामची आई"ही दिलं. "हा सारखा रडतो" म्हणून त्यानं ते चार दिवसांत परत आणून दिलं. शेवटी ह्यांनी नियम केला: रोज २० पानं वाचायची, मग तासभर मोबाइल. महिनाभर बरं चाललं. परवा कळलं की तो वाचत नव्हताच, नुसती खूण पुढं सरकवून ठेवत होता. काय वाचलंस, काय शिकलास विचारलं तर काहीच सांगता येईना. मोबाइल आठवडाभर बंद केला. आता तो मोबाइलही मागत नाही आणि पुस्तकालाही हात लावत नाही. हे म्हणतात, त्याच्या वयात मी गावातलं वाचनालय संपवलं होतं. आपण कुठं कमी पडलो? मुलग्याला आवडतील, त्याच्यावर संस्कार होतील आणि मराठीही सुधारेल, अशी दहा पुस्तकं सुचवाल का?'

प्रिय ताई,

नावं सांगते, दहाच्या आसपास होतील. पण आधी त्या खुणेबद्दल बोलू या, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. महिनाभर, रोज, न चुकता २० पानं मोजायची आणि खूण बरोबर तिथे नेऊन ठेवायची, याला काही कमी चिकाटी लागत नाही. तुम्ही पानं मोजत होतात, त्यानं पानं मोजून दिली. व्यवहार चोख होता.

आता त्याच्या जागी बसून तो नियम बघा. आधी पानं, मग मोबाइल. म्हणजे मोबाइल हे महाबळेश्वर आणि पुस्तक हा वाटेतला टोलनाका. टोलनाक्यावर उतरून कुणी निसर्ग बघतं का? पैसे टाकायचे, काच वर करायची, निघायचं. हा नियम वर्षभर चालला असता तर मोबाइल होता त्याहून गोड झाला असता आणि पुस्तक होतं त्याहून कडू. तेव्हा पहिलं काम हे की दोघांची गाठ सोडवा. मोबाइल किती वेळ द्यायचा ते आईवडील म्हणून खुशाल ठरवा, त्यात मी पडत नाही. फक्त त्या हिशेबात पुस्तक आणू नका. बक्षीस म्हणूनही नको आणि शिक्षा म्हणूनही नको.

दुसरं. पत्राच्या सुरुवातीला तुम्ही लिहिता की त्याला पुस्तक म्हटलं की जांभया येतात, आणि लगेच पुढे, 'सकाळी पेपरचं शेवटचं पान'. ताई, ते पानही वाचावंच लागतं की. धावफलक वाचणं सोपं नसतं. कोण कितीवर गेला, झेल कुणी घेतला, गोलंदाज कोण, षटकं किती, त्यातली निर्धाव किती; तळहाताएवढ्या जागेत अख्खा दिवस घडी घालून ठेवलेला असतो आणि तुमचा मुलगा ती घडी रोज सकाळी उलगडतो. माइनक्राफ्ट खेळणारी पोरंही कशात काय घातलं की काय तयार होतं याची कोष्टकं बारकाईनं वाचत असतात, तीही बहुतेक इंग्रजीत. तेव्हा वाचतो तो. गोष्टीचं पुस्तक वाचत नाही, इतकंच. आपल्याकडे वाचन म्हणजे कथा-कादंबरी, फार तर चरित्र, असं धरून चालायची सवय आहे. बाकीचं सगळं म्हणजे नुसतं 'चाळणं'. तुमची थोरली गोष्टीतली आहे. धाकटा आकड्यांतला आणि 'हे कसं चालतं' यातला असू शकतो. तिच्या कपाटातली पुस्तकं त्याला देणं म्हणजे तिचे कपडे त्याला घालण्यासारखंच झालं.

इथे मला एक मुलगा आठवतो. मी काही वर्षं एका वसाहतीच्या हॉलमध्ये दर शनिवारी मुलांचं वाचनालय चालवायचे. दोन लोखंडी रॅक, एक सतरंजी आणि एक वही, एवढा संसार. पाचवीतला एक पोरगा यायचा आणि दर शनिवारी सापांवरचं एकच पुस्तक न्यायचा. आणून द्यायचा, नोंद करायचा, तेच परत न्यायचा. त्याची आई एकदा येऊन म्हणाली, 'बाई, त्याला आता दुसरं काहीतरी द्या, गोष्टीचं.' मलाही ते पटलं आणि मी साप काढून घेऊन त्याच्या हातात एक चांगली कादंबरी ठेवली. पुढच्या शनिवारी ती जशीच्या तशी परत आली. पिशवीची गाठ मीच मारून दिली होती, ती माझीच गाठ होती.

त्या दिवशी मी सापांचं पुस्तक घेऊन त्याच्याशेजारी सतरंजीवर बसले. त्यानं बोट ठेवून चार चित्रं दाखवली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. 'आपल्याकडे बहुतेक माणसं ह्या चौघांनी मरतात,' असं तो अगदी डॉक्टरच्या आवाजात म्हणाला. मग वाचायला लागला. 'घोणस' सफाईनं गेलं. पुढे 'विषग्रंथी' आली. 'वि... विष... विषग...' आणि तिथून त्यानं सरळ पुढच्या शब्दावर उडी मारली. मग 'दृष्टी'वरून उडी. मग 'निरुपद्रवी'वरून. ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत पलीकडे जावं तसा तो प्रत्येक ओळीतून पलीकडे जात होता. ह्या पुस्तकातले दगड त्याच्या ओळखीचे झाले होते, म्हणून तो ते पुनःपुन्हा नेत होता. नव्या पुस्तकात पाय कुठे टाकायचा तेच त्याला कळत नव्हतं. पाचवीपर्यंत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि मी स्वतःला मोठी वाचनालयवाली समजत होते.

तुमचा मुलगा सेमीत आहे म्हणून हे एवढं लांबण लावलं. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. मराठी वाचायचं ते बहुतेक पाठ्यपुस्तकापुरतं, आणि तेही बाईंनी वर्गात दोनदा वाचून दाखवल्यावर. अनोळखी मराठी पान समोर आलं की अशी पुष्कळ मुलं जोडाक्षराला, रफाराला, लांबलचक सामासिक शब्दाला अडखळतात. डोकं ११ वर्षांचं, त्याला हवी ११ वर्षांची गोष्ट: चोरी, पाठलाग, वाघ, अंतराळ. वाचायचा वेग मात्र आठ वर्षांचा. वेगाला झेपेल ते पुस्तक हातात दिलं तर मुखपृष्ठावर ससा असतो, आणि सहावीतला मुलगा सशाचं पुस्तक घेऊन मित्रांसमोर जाणार नाही. डोक्याला झेपेल ते दिलं तर तिसऱ्या पानावर दम लागतो. अशा मुलाला वाटतं की आपल्याला पुस्तकं आवडत नाहीत. खरं तर त्याला धाप आवडत नसते, आणि ती कुणालाच आवडत नाही.

तुमच्या मुलाचं असंच असेल असं नाही. पण बघा एकदा, गाजावाजा न करता. चष्मा सापडत नाहीये, एवढी बातमी वाचून दाखव, असं म्हणा. बहीण आसपास नको. एका परिच्छेदात पाच-सहा ठिकाणी अडखळला तर प्रश्न आवडीचा नाही, सरावाचा आहे आणि तो सुटतो. ओळ सुटत असेल, अक्षरं उलटसुलट दिसत असतील, सहावीतही साधे शब्द जुळत नसतील, तर मात्र डोळे तपासून घ्या आणि वर्गशिक्षिकेशी बोला. वाचनअक्षमता नावाची गोष्ट असते. त्यात मुलाचा आळस नसतो आणि तुमची चूकही नसते.

सरावाचा प्रश्न असेल तर उपाय जुनाच आहे: वाचून दाखवणं. ११ वर्षांच्या घोड्याला काय वाचून दाखवायचं, असं तुमच्या सासूबाई म्हणतील. दाखवायचं. कीर्तनाला बसलेली सत्तरीची माणसं ऐकतात, तो तर अकराचाच आहे. रात्री जेवणं झाली की दोन पानं तुमची आणि मग एक परिच्छेद त्याचा. तो अडला तर शब्द सांगून टाका, फोड करून घेऊ नका, तुमच्या घरात शाळा भरलेली नाही. आणि थांबायचं कुठे, ते आधी बघून ठेवा. खोलीचं दार आतून बंद आहे, खिडकीत कुणीतरी उभं आहे, नेमकं तिथे तुम्हाला आठवलं पाहिजे की दुधाला विरजण लावायचं राहिलंय. पुस्तक पालथं घालून उठा. दहा मिनिटं येऊ नका. त्यानं ते उचललं तर उचललं. नाही उचललं तर उद्या परत.

आता थोडं नाजूक. पत्रात तुम्ही म्हणता, 'काय शिकलास विचारलं तर काहीच सांगता येईना.' मला विचाराल तर ह्या एका प्रश्नानं आपल्याकडे जितकी मुलं पुस्तकापासून तोडली तितकी मोबाइलनंही तोडली नसतील. इसापच्या कोल्ह्यापासून आपण तात्पर्य काढत आलोय. ती सवय इतकी हाडीमाशी खिळली आहे की मुलानं क्रिकेटची मॅच बघितली तर आपण 'काय शिकलास' विचारत नाही, पुस्तक वाचलं की मात्र हिशेब मागतो. वाढदिवसाच्या त्या दहा चरित्रांकडे त्याच्या नजरेनं बघा. दहाही पुस्तकांत एक गरीब मुलगा आहे, तो दिव्याखाली अभ्यास करतो, आईचं ऐकतो, वेळ वाया घालवत नाही. वाढदिवसाला आलेल्या ह्या दहा पाहुण्यांनी एकेक करून कानउघाडणी केली तर पोरगं काय करेल? बुद्धिबळाचा पट किंवा चेंडू आणलात तर 'संस्कार होतील का' असं दुकानदाराला विचारता का? मग पुस्तकालाच हा जादा भार का?

तरी 'श्यामची आई' टाकून देऊ नका. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आपण मोठ्यांनी त्याचं पार देवघर करून ठेवलंय. पण त्यात 'श्यामचे पोहणे' नावाचं एक प्रकरण आहे. श्यामला विहिरीत पोहायला जायची भीती वाटते आणि तो घरातच लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिपटीनं मारते आणि पोहायला धाडते. त्या श्यामला आणि खूण सरकवणाऱ्या तुमच्या चिरंजीवाला एकमेकांचं चांगलं समजेल. एखाद्या दिवशी विहिरीचा, पोहण्याचा विषय निघाला तर तेवढं एकच प्रकरण वाचून दाखवा, बाकी पुस्तक मिटून ठेवा. आणि वाचल्यावर काही विचारू नका. कृपा करून विचारू नका. फार तर, 'कुठवर आलं?' एवढंच.

'मुलग्याला आवडतील अशी' म्हणजे काय, हेही जरा तपासू. तुमच्या घरात पुस्तक घेऊन कोण बसतं? थोरली बसते. आई बसत असावी, पत्र वाचून तसं वाटतं. शाळेत पुस्तकांचं कौतुक बाई करतात. बाबा काय करताना दिसतात? मिस्टरांवर टीका करायची नाहीये, त्यांच्या कामाचे तास मला माहीत नाहीत. पण त्यांनी गावातलं वाचनालय संपवलं, ते मुलाला फक्त ऐकू आलंय, दिसलं कधीच नाही. त्याला दिसतंय ते असं की घरातल्या बायका वाचतात आणि पुरुष नियम करतात. त्यानं आपली बाजू निवडली आहे. साहसाचं कितीही भारी पुस्तक आणलंत तरी हे चित्र पुसणार नाही.

म्हणून ह्यांच्यासाठी माझ्याकडे एक काम आहे. 'मी वाचनालय संपवलं' हे वाक्य त्यांनी आजपासून बंद करावं आणि त्याऐवजी सांगावं की काय वाचलं, कुठे बसून, कुणाला चोरून. भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलं असेल आणि मास्तरांचा मार खाल्ला असेल तर उत्तमच. ते तर आधी सांगावं. चाळिशीतल्या माणसाच्या त्या आठवणीत फास्टर फेणे असण्याची शक्यता मोठी आहे. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा आणि तोंडानं 'ट्टॉक' करणारा. ह्याच्या गोष्टी वाचून दाखवायचं खातं बाबांकडे द्या. आठवड्यातून दोन रात्री पुरे. पण एक लक्षात ठेवा: फाफे आज परत वाचला की जाणवतं, त्याचं पुणं आता उरलेलं नाही. तारा, ट्रंककॉल, टांगे ह्यांतलं तुमच्या मुलाला काही माहीत नसणार. नुसतं हातात दिलं तर तो तिथेच अडकेल. बाबांनी वाचलं तर त्याच अडचणीची गंमत होते, 'ट्रंककॉल म्हणजे काय माहितेय का' यावरून अर्धा तास जातो. जाऊ दे.

हेरगिरी आवडली तर पुढे सत्यजित रायांचा फेलूदा आहे. अशोक जैनांनी मराठीत आणला आहे आणि मराठी इतकं वाहतं आहे की बंगाली मूळ आठवतही नाही. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे, तुमच्या मुलाहून थोडासाच मोठा. पुस्तकं बारीक आहेत. दोन बैठकीत संपणारं पुस्तक ही न वाचणाऱ्या मुलासाठी फार मोठी गोष्ट असते, कारण 'मी एक पुस्तक संपवलं' हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हणता येतं. दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ची प्रत्येक गोष्ट सुटी आहे, कुठूनही उघडा. आणि घरात हसू हवं असेल तर द. मा. मिरासदार. 'व्यंकूची शिकवणी' मोठ्यानं वाचायला घ्या. वाचणाऱ्याला हसू आवरत नाही आणि त्यामुळे ऐकणारा पुस्तक ओढून घेतो, हे मी स्वतः पाहिलंय. मिरासदारांची पुस्तकं मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, हा उलट त्यांचा गुणच. ११ वर्षांच्या मुलाला 'मुलांसाठी' ह्या शब्दाचाच राग असतो.

तुमचा मुलगा आकड्यांतला आहे असा माझा अंदाज आहे, तेव्हा जिम कॉर्बेटला विसरू नका. त्याची नरभक्षक वाघांची पुस्तकं मराठीत आहेत. चंपावतच्या वाघिणीनं ४३६ माणसं मारली, असं तो सांगतो. हा आकडा जेवताना सहज सांगा आणि वरण वाढा. पुढचा प्रश्न त्याच्याकडूनच येईल. प्राण्यांत रस निघालाच तर व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' हे वानरांच्या टोळ्यांमधल्या लढाईचं छोटंसं पुस्तक आहे. त्याला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आधी तुम्ही वाचा, कारण त्यात नवा हुप्प्या पिलांना मारतो. काही मुलांना ते झेपतं, काहींना रात्रभर झोप येत नाही, तुमचं कसं आहे ते तुम्हालाच माहीत. अंतराळात गाडी वळली तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत, पण त्या वर्षभरानं. आत्ता दिल्या तर दमेल.

एक पुस्तक मी मुद्दाम वेगळं ठेवते. प्रकाश संतांचं 'वनवास'. लंपन साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचा, आजी-आजोबांकडे राहणारा. सीमाभागातली, कानडी मिसळलेली मराठी बोलतो, जी सांगलीच्या कानाला परकी नाही. त्यात चोर नाही, वाघ नाही. एका मुलाच्या मनात काय काय चालतं, तेवढंच आहे. मुलग्यांना असलं काही आवडत नाही असं आपण परस्पर ठरवून टाकतो. काहींना फार आवडतं, पण ते कबूल करायला त्यांना वेळ लागतो. घरात, कुठेतरी हाताशी पडू द्या. सुचवू नका.

इंग्रजी वाचायला लागला तर? वाचू द्या. विम्पी किडसारखी चित्रं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांची इंग्रजी पुस्तकं ह्या वयाची मुलं वाचतात आणि पालक कपाळाला हात लावतात. माइनक्राफ्टचीही पुस्तकं मिळतात. विश्वविक्रमांचं जाडजूड पुस्तक कुठूनही उघडता येतं. 'टिंकल', अमर चित्रकथा, सगळं चालेल. चित्रकथा हे काही खालच्या पायरीचं वाचन नव्हे. मराठी सुधारायचं ओझं आत्ता एकट्या पुस्तकावर टाकू नका. तुम्ही रात्री वाचून दाखवता ती दोन पानं मराठीचं काम करतायत. शिवाय 'किशोर' आहे. बालभारती ते मासिक १९७१ पासून काढते, फार स्वस्त आहे आणि जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. त्यात कोडी, विज्ञान, कविता, गोष्ट सगळं तुकड्यातुकड्यांत असतं. ज्याला अख्ख्या पुस्तकाची धास्ती वाटते, त्याला मासिकाची वाटत नाही. फक्त अंक मोबाइलवर दाखवायचा की छापील मागवायचा, ते तुमच्या घरची परिस्थिती बघून ठरवा. मी छापीलच मागवला असता.

सारखीच अडचण असलेल्या बाकीच्यांसाठीही दोन शब्द, कारण ह्या विषयावर पत्रं बरीच येतात. बंगळूरला किंवा दुबईत इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी धड न येणाऱ्या मुलांना मराठी पुस्तक 'भेट' देऊ नका, ते कपाटात म्हातारं होतं. आधी कानानं ऐकू द्या, अक्षरं मागून येतात. ज्यांची मुलं गाडीत, एसटीत, सलूनच्या बाकावर कंटाळतात, त्यांनी पिशवीत एक पातळ पुस्तक टाकून ठेवावं आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नये. कंटाळा ही फार उपयोगी गोष्ट आहे, आपण ती मोबाइल देऊन वाया घालवतो. आणि झोपायच्या वेळेचा माझा जुना सौदा: दिवा नऊला बंद, पण हातात छापील काहीही असेल तर साडेनऊ. काहीही म्हणजे काहीही. किराणा दुकानाचं कॅलेंडर वाचलं तरी चालेल. मुलांना वाचण्यापेक्षा जागण्याची हौस जास्त असते, तिचा फायदा घ्यावा. हाही सौदाच झाला, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण ह्यात पुस्तकाच्या पलीकडे कुठलं महाबळेश्वर नाही.

महाबळेश्वरवरून आठवलं. सुट्टीत तिकडे जाणं झालंच तर पाचगणीजवळ भिलार लागतं. २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांच्या घरांत, ओसरीवर पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही आत जाऊन बसावं आणि वाचावं. तुमचा मुलगा तिथे स्ट्रॉबेरी खाईल आणि परत येईल, अशी तयारी ठेवून जा. अर्धं वाचून सोडलेलं पुस्तक आणि न उघडलेलं पुस्तक, ह्या दोन्हींची मुभा मोठ्यांना असते. मीच ह्या वर्षी सात पुस्तकं मध्येच सोडली, कुणी माझा मोबाइल काढून घेतला नाही.

राहता राहिला आत्ताचा अबोला. त्याच्याशी खुणेबद्दल एकदा बोला, दोन वाक्यांत. 'तो नियम आमचाच चुकला होता. आता नाही.' एवढंच. मोबाइल ठरल्या वेळेचा परत करा. चरित्रांचा संच त्याच्या टेबलावरून उचलून तुमच्या कपाटात ठेवा, त्याच्या डोळ्यांदेखत, पण बोलून दाखवू नका.

मग येत्या शनिवारी त्याला गावातल्या वाचनालयात घेऊन जा. त्याच्या स्वतःच्या नावाचं कार्ड काढा, सही त्याला करू दे. ग्रंथपालांना आधी भेटून एक विनंती करून ठेवा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी कपाटांना कुलूप असतं आणि पुस्तक काउंटरवरून मागावं लागतं. ज्याला काय हवंय तेच माहीत नाही, त्यानं मागायचं काय? तेवढा अर्धा तास त्याला कपाटापाशी सोडा म्हणावं, हात लावू द्या, खाली बसू द्या. तुम्ही आत थांबू नका. समोर टपरी असेलच, चहा घ्या. तो बाहेर आला की पिशवीत काय आहे ते बघू नका. क्रिकेट असेल, भुताचं असेल, कदाचित काहीच नसेल. गाडीला किल्ली लावा आणि भेळ खायची का, ते विचारा.